सगळं कोसळलं तर? फ्लॅट विकून जमीन घ्यावी का, यावर मत हवं आहे

माळरान | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एक प्रश्न गेली पाच वर्षं डोक्यातून जात नाही. आता त्यावर निर्णय घ्यायची वेळ आली आहे, म्हणून धागा काढतोय.

वय ४१, पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं, मुलगी सहावीत. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावरून रोज माणसं चालत जाताना पाहिली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. तेव्हापासून घरात साठवण सुरू केली. आज सहा महिन्यांचं धान्य, पाण्याचं फिल्टर, हाताने फिरवून चालणारा रेडिओ, औषधं, रोख रक्कम असं सगळं आहे. मग २०२२ मध्ये श्रीलंकेतल्या पेट्रोलच्या रांगा पाहिल्या. आपल्यासारखाच, शिकलेला देश आणि काही महिन्यांत डिझेल नाही, औषध नाही, गॅस नाही. वीज, डिझेल, खत, बँक, मोबाइल सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. एक निसटलं की बाकीची किती वेळ उभी राहतील?

म्हणून मनात आहे की फ्लॅट विकावा आणि दोन-तीन एकर पाण्याची जमीन घ्यावी. वडिलांच्या नावे औसा तालुक्यात सातबारा आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण नाही. बायको विरोध करत नाही. तिने एकच विचारलं, "किती तयारी झाली की तू थांबशील?" मला उत्तर देता आलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा भूकंप. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, दमून झोपलो होतो. मी नऊ वर्षांचा. घर माळवदाचं, दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, आणि भिंतीतच धान्य साठवायचं बळद. आजोबांनी बाहत्तरचा दुष्काळ अंगावर काढलेला, त्यामुळे बळद त्यांनी कधी रिकामं राहू दिलं नाही. ती भिंत आजीवर आणि धाकट्या काकांवर पडली. ज्वारी आणि माती एक झाली होती. मला शेजारच्या घरातल्या दोघांनी नुसत्या हातांनी उपसून काढलं. त्यांची स्वतःची माणसं अजून आत होती.

आजोबांचं चुकलं असं मी म्हणूच शकत नाही. त्यांनी ज्याची तयारी केली ते आलं नाही, भलतंच आलं. हे इतकं कळूनही मी आज पुन्हा धान्याच्या कोठ्या भरतोय. यात काही अर्थ आहे का, हे मनापासून विचारतोय.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:२५

माळरान, वाचून गलबललं. आजी आणि काकांना नमस्कार.

मी सांगलीचा, गावभागातला. आमच्याकडं २००५ चा पूर येऊन गेला तेव्हा भिंतीवर रंगानं खूण केली होती. त्यानंतर घरातलं सगळं त्या खुणेच्या वर. कपाट वर, मीटर वर, धान्याचे डबे माळ्यावर. शहाणपणाच केला होता की. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या खुणेच्या वर गेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढं. डबे तरंगत होते.

चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण पाणीपुरवठ्याचे पंपच बुडालेले. कोल्हापूरजवळ महामार्ग बंद, म्हणून दूध बाहेर जाईना आणि पेट्रोल आत येईना. आम्ही सहा दिवस शेजारच्या तीन मजली घराच्या गच्चीवर होतो. एकोणीस माणसं, एक गाभण म्हैस जिन्यात. ज्यांच्याशी चार वर्षं वाटेवरून अबोला होता त्यांचंच घर ते. काकूंनी हाका मारून बोलावलं.

साठवण करू नका असं मी म्हणत नाही. पण माझी सगळी साठवण पहिल्या रात्री गेली, आणि पुढचे सहा दिवस जे उपयोगी पडलं ते माझं नव्हतं.

---

एकटं_शिवार | रविवार, सकाळी ७:०५

तुम्ही ज्या वाटेवर जायचं म्हणताय तिथे मी चौदा वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२६ जुलै २००५ ला मी मुंबईत होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कलिन्याहून ठाण्याला पोचायला मला दीड दिवस लागला. फोन बंद, गाड्या बंद. छातीभर पाण्यात चालताना ठरवलं की यापुढे कुणावर अवलंबून राहायचं नाही. २०११ मध्ये वेल्ह्याकडे अडीच एकर घेतली. बोअर, सौर पंप, कोंबड्या, शेळ्या, भात, नाचणी. माझा अनुभव असा:

धान्य साठवणं जमतं. ज्वारी, नाचणी नीट वाळवली, कोठीत कडुलिंबाचा पाला आणि राख घातली तर टिकते. नाचणी तर वर्षानुवर्षं. बाजरीच्या पिठाला लवकर कडवटपणा येतो, त्यावर भिस्त ठेवू नका. पहिल्या वर्षी मी पुरती न वाळलेली ज्वारी भरली आणि चार पोती सोंड्यांनी खाल्ली.

बियाणं जमत नाही, निदान डब्यात ठेवून नाही. कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं, सोयाबीनचं तसंच. संकरित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. बी टिकवायचं असेल तर गावरान वाण दरवर्षी पेरावं लागतं. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमकं हेच केलं आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं बियाणं आजूबाजूच्या शेकडो बायकांच्या परसात उगवतं, म्हणून जिवंत राहतं. एका माणसाच्या शेतात ते राहत नाही. एक वर्ष पाऊस चुकला की संपलं.

सौर पत्रे वीस वर्षं चालतील, बॅटरी दोनदा बदलली. पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं. बोअरची मोटर जळली की भोरहून माणूस येतो, आणि त्याला सुटा भाग पुण्याहून लागतो.

इतकं असूनही मी म्हणेन की घ्या जमीन. सगळं कोसळेल म्हणून नव्हे. मला आज पेरता येतं, शेळीचं बाळंतपण करता येतं, पाणी कुठे मुरतं ते कळतं. चौदा वर्षांपूर्वी मी यातलं काहीच करू शकत नव्हतो. भीतीने सुरू केलं, आता भीती नाही. तुमच्या पत्नींच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही, हे मात्र खरं.

---

सरळरेषा | रविवार, सकाळी १०:५०

मी वीज पारेषणात एकवीस वर्षं काढली आहेत. "एक निसटलं की बाकीची किती वेळ" या वाक्यावर लिहितो, कारण आमचं पोट त्या प्रश्नावरच आहे.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, लागोपाठ दोनदा पडली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीनही ग्रिड गेल्या. साठ कोटींहून अधिक लोक राहतात तो प्रदेश अंधारात. रेल्वे उभ्या, खाणींत माणसं अडकलेली. दूरचित्रवाणीवर ते जगाचा शेवट वाटावं असंच दिसत होतं. रात्रीपर्यंत बहुतेक भागात वीज परत आली.

ती आपोआप येत नाही. औष्णिक केंद्र सुरू करायलाच वीज लागते. कोळसा दळायला, पाणी चढवायला, पंखे फिरवायला. सगळं बंद पडलं की ती वीज आणायची कुठून? जलविद्युत केंद्रापासून. तिथे दार उघडलं, पाणी सोडलं की चाक फिरतं. तिथून एक वाहिनी जिवंत करायची, त्यावर एक औष्णिक केंद्र उठवायचं, थोडा भार जोडायचा, वारंवारिता ५० हर्ट्झच्या जवळ धरून ठेवायची, मग पुढची वाहिनी. भार जास्त झाला की पुन्हा सगळं खाली. याला आम्ही ब्लॅक स्टार्ट म्हणतो. त्याची लेखी पद्धत असते आणि सराव असतो. सराव झालेला नसला की काय होतं तेही आम्ही पाहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई वेगळी काढून वाचवण्याची जी व्यवस्था होती, ती ऐन वेळी चालली नाही.

धोका खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. १३ मार्च १९८९ ला सौर वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज घालवली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. १८५९ मध्ये आलेलं वादळ त्याहून मोठं होतं. ते आज आलं तर मोठे ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतात, आणि असा एक नवा मिळायला वर्षाहून जास्त लागतं. मला याची काळजी वाटते. पण त्यावरचा इलाज वेल्ह्यात नाही. जादा ट्रान्सफॉर्मर आणून ठेवणं, सराव करणं, रिकाम्या जागा भरणं हा इलाज आहे. आमच्या पाळीवर पूर्वी सहा जण असायचे, आता तीन. ज्याला खरोखर कोसळण्याची भीती वाटते त्याने याबद्दल आमदाराला विचारावं. आजवर एकानेही विचारलेलं मी ऐकलं नाही.

---

ओवीची_आई | रविवार, दुपारी ३:१५

कालपासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पाचव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. दिवसातून चार-पाच वेळा इन्सुलिन. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, उघडलेली साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली तर मी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठात ठेवते, उन्हाळ्यातही तेवढ्यापुरतं चालतं. घरात तीन महिन्यांचा साठा असतो. त्याहून फार जास्त ठेवला तर तारीख उलटते.

दादा, तुमचं शिवार चांगलंच आहे, तुमचे कष्ट दिसतात. पण "सगळं कोसळल्यावर" असं कुणी म्हणतं तेव्हा त्या चित्रात माझी मुलगी नसते. तीन महिने आणि वर थोडे दिवस. मग डायलिसिसवर असणारे नसतात, अडलेल्या बाळंतिणी नसतात. ते जग कुणीतरी जगून दाखवेल यात मला काहीच दिलासा नाही.

एक गोष्ट मात्र मी मनाशी धरून आहे. इव्हा सॅक्सल नावाची चेकोस्लोव्हाकियातून आलेली तरुण बाई दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकली होती. तिलाही मधुमेह. जपानी ताबा आला आणि इन्सुलिन मिळेनासं झालं. तिचा नवरा व्हिक्टर कापड उद्योगातला, वैद्यकाशी संबंध नाही. त्यांनी वैद्यकाचा एक ग्रंथ मिळवला, एका चिनी रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत जागा दिली, आणि खाटीकखान्यातल्या पाणम्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढलं. आधी सशांवर तपासलं. मग तिने स्वतःला टोचलं. त्यावर ती जगली आणि शहरातले इतर मधुमेहीही जगले.

त्यांच्याकडे कोठी नव्हती. पुस्तक होतं, जागा देणारा माणूस होता, खाटीकखाना चालू होता. कितीतरी मोडल्यावरही एवढं शहर शिल्लक होतं म्हणून ती वाचली. मला उरलेलं शहर हवंय.

---

एकटं_शिवार | रविवार, दुपारी ४:०२

ताई, मी हे कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. माझ्या घरात कुणाला रोजचं औषध नाही, म्हणून मला पाहावं लागलं नाही. तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. अधिक काही लिहित नाही.

---

खापर | रविवार, संध्याकाळी ६:३०

मी पुरातत्त्व शिकवतो. चर्चेत रोम आणि माया संस्कृतींचं कोसळणं येण्याआधी आपल्याच घरचं उदाहरण ठेवतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तिथे अनेक हंगाम खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांचं काम. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती. भरभराटीच्या काळात, म्हणजे इसपू १४०० ते १००० या ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीच्या सुरुवातीच्या काळात, चौकोनी ऐसपैस घरं, चाकावरची सुंदर रंगीत भांडी, सातूची शेती, पुराचं पाणी वळवणारा बांध आणि चर. प्रमुखाच्या घराला लागून सामाईक धान्याचं कोठार. म्हणजे माळरान, तुमच्या सहा महिन्यांच्या कोठ्यांची परंपरा तीन हजार वर्षांची आहे.

इसपू १००० नंतर चित्र बदलतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. भांडी ओबडधोबड होतात. ढवळीकरांच्या मते पाऊस घटत गेला, शेती परवडेना, माणसं जनावरांमागे फिरू लागली. सातशेच्या सुमारास वस्ती उठली. महाराष्ट्रातल्या जोर्वे संस्कृतीच्या इतर बहुतेक गावांनी तर त्याच्या तीनशे वर्षं आधीच मान टाकली होती. प्रवरेकाठचं दायमाबाद, जिथे ती प्रसिद्ध धातूची शिल्पं सापडली, तेही त्यातलंच.

मी विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा याच जागी थांबतो. तीनशे वर्षं ही माणसं आजोबांपेक्षा लहान घरात राहत होती. त्यांना "कोसळणं" दिसलं असेल का? मला वाटत नाही. एका पिढीत बांधाची डागडुजी राहिली असेल, पुढच्या पिढीत चाकावर बसणारा कुंभार गेला असेल. प्रत्येकाला ते आपल्या वेळचं वाईट साल वाटलं असेल. मुलं गेली तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात, घराच्याच जमिनीखाली पुरत. ही पद्धत शेवटपर्यंत चालू राहिली. घर आक्रसलं, चाक बिघडलं, पण लेकराला घराबाहेर टाकलं नाही.

कोसळणं एका पहाटे येत नाही, हे मला त्या मातीने शिकवलं. भूकंप येतो तसा. संस्कृती अशी जात नाही. म्हणून सरळरेषा यांच्या पाळीवर सहाचे तीन झाले, हे वाक्य मला या धाग्यातलं सगळ्यात भीतिदायक वाटलं.

---

मडगांवकार | रविवार, रात्री ९:१२

आमच्या गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. मे महिना लागला की सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच, नारळ, तांदूळ, लाकडं भरायची. मडगावला पुरुमेंताची फेस्तच भरते. कोकणात आगोटीची तयारी म्हणतात ती हीच. माझी आई ८१ वर्षांची आहे, दरवर्षी करते. तिला मी एकदाही भ्यालेली पाहिलं नाही.

कारण तिला ठाऊक असतं कशासाठी आणि कधीपर्यंत. पावसाला सुरुवात झाल्यापासून नारळी पुनवेपर्यंत. मग दर्या शांत होतो, होड्या जातात, ताजी मासळी येते, आणि उरलेला सुका बाजार ती वाटून टाकते. बेगमीला मुदत असते. माळरान, तुमच्या वहिनींनी विचारलं ते हेच असावं असं मला वाटतं. तुमच्या कोठीला नारळी पुनव नाही.

---

सायली_२२ | रविवार, रात्री ११:४८

मी इथे फारसं लिहीत नाही. २२ वर्षांची आहे, तिसऱ्या वर्षाला. तापमानवाढीबद्दल वाचून रात्री झोप लागत नाही. मैत्रिणी म्हणतात विचार करू नकोस. आईबाबा म्हणतात मोबाइल कमी कर. जमीन नाही, पैसे नाहीत, त्यामुळे वरची कुठलीच तयारी मला शक्य नाही. शिकत राहण्यात तरी अर्थ आहे का, असं वाटतं. वेगळा धागा काढायचं धाडस झालं नाही म्हणून इथे लिहिलं.

---

ओवीची_आई | सोमवार, सकाळी ६:२०

सायली, आत्ता उठून पहिलं तुझंच वाचलं. तुझी भीती खोटी नाही, आणि तुला ती सांगावीशी वाटली हे फार बरं केलंस. झोप आठवडाभर अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस. काय शिकतेस ते लिहिलं नाहीस. जे काही असेल ते पुरं कर. ओवीच्या औषधापर्यंत पोचणाऱ्या साखळीत रसायनवाले आहेत, हिशेबनीस आहेत, शीतपेटीचा टेम्पो चालवणारा आहे. त्यातलं कोण नको ते मला सांगता येणार नाही. मला संदेश पाठव, बोलू.

---

उत्तरवारा | सोमवार, दुपारी १:३०

स्वीडनमधल्या गोटेनबर्गहून लिहितोय. इथे दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीन वाजता भोंगे वाजतात, चाचणी म्हणून. मुलं त्याला नावाने ओळखतात, हेसा फ्रेडरिक. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने घरोघरी एक पुस्तिका टाकली: संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं. पहिली आवृत्ती १९४३ ची, म्हणजे इथे हे नवं नाही. निदान आठवडाभर स्वतःच्या बळावर राहता यावं एवढं पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, ऊब, रेडिओ, थोडी रोकड.

मला आवडलं ते त्यामागचं कारण. ज्याला शक्य आहे त्याने आठवडा निभावावा, म्हणजे मदत आधी ज्याला शक्य नाही त्याच्याकडे जाईल. शेजारच्या ८६ वर्षांच्या आजींच्या दाराची किल्ली आमच्याकडे आहे, आणि जिन्यातल्या यादीत माझं नाव त्यांच्यासमोर लिहिलेलं आहे. मी पुण्यात तीस वर्षं राहिलो, वरच्या मजल्यावर कोण आजारी असतं ते मला माहीत नव्हतं.

भारतात असं पत्रक घरोघरी येत नाही याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे तर पूर, भूकंप, दुष्काळ, वादळ सगळंच येतं.

---

जुनी_पाटी | सोमवार, संध्याकाळी ५:४५

माझं वय ७१. सांगोल्याचा. नातू टंकून देतोय.

बाहत्तरला मी अठरा वर्षांचा होतो. पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, खडी फोडली. दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि आई रडायची. पण मिळायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. माझे आजोबा १८७६-७८ च्या दुष्काळाच्या गोष्टी त्यांच्या बापाकडून ऐकलेल्या सांगायचे, गावंच्या गावं ओस पडली होती. बाहत्तरला हाल झाले, जनावरं गेली, पण तसं झालं नाही.

का झालं नाही? विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना दुष्काळाच्या काही वर्षं आधीच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. हजेरीपट कसा, मोजमाप कसं, पगार कधी, हे कुणाला तरी माहीत होतं. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. कुणाच्या घरातल्या बळदानं आम्ही वाचलो नाही. बळदं पहिल्याच वर्षी रिकामी झाली होती.

माळरान, तू औशाकडं जमीन घ्यायची म्हणतोस. बाहत्तरला आमच्या विहिरींत पाणी होतं, धान्य नव्हतं. २०१६ ला तुझ्या लातुरात दुकानं धान्यानं भरलेली होती आणि पाणी मिरजेहून रेल्वेनं आणलं. ती गाडी सुटताना मी मिरज स्टेशनात मुद्दाम बघायला गेलो होतो. तुझी दोन एकर त्या साली काय प्यायली असती, एवढा विचार कर बाळा.

---

माळरान | मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यांचं दोनदा-तीनदा वाचलं. बायकोलाही वाचायला दिलं.

सांगोल्याच्या काकांच्या शेवटच्या ओळीने मी गप्प झालो. २०१६ मध्ये मीच पुण्यातून गावाकडे पाण्याचे जार पाठवत होतो, आणि आज तिथेच आसरा शोधायला निघालो होतो. ओवीच्या आईंचं वाचल्यावर माझ्या औषधांच्या डब्याकडे पाहिलं. त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. त्याही सहा महिन्यांच्याच.

जमीन घेत नाहीये. फ्लॅट राहील. भीती गेली म्हणून नव्हे, ती आहेच. पण ज्यांनी मला मातीतून काढलं त्या दोघांकडे कोठी होती की नाही हे मला आठवतसुद्धा नाही. मडगांवकार म्हणतात तशी मुदत ठरवली: घरात तीन आठवड्यांचं, आणि त्यात वरच्या मजल्यावरच्या जोशी आजोबा-आजींचं धरून. जास्तीचं धान्य खराब होण्याआधी काढतोय.

एकटं_शिवार यांच्याशी एका बाबतीत मी सहमत आहे आणि सोडणार नाही. हाताला काहीतरी यायला हवं. मला पेरता येत नाही, भाऊबंदांना येतं आणि ते म्हातारे होत आहेत.

गावात जुन्या वस्तीत, जी भूकंपानंतर आम्ही सोडली, एक दगडी बांधाचा आड आहे. पणजोबांच्या आधीचा. पुनर्वसनात नव्या गावी नळ आला आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. आता बाभळी वाढल्यात, आत गाळ आणि कचरा. चुलतभावाशी बोललो, तो आणि आणखी सातजण तयार आहेत. खर्च मी उचलतो म्हटलं तर ते म्हणाले निम्मा आमचा. विचारायचं हे की गाळ केव्हा काढावा, आणि इतकी वर्षं बंद असलेल्या आडात उतरायला धोका असतो का?

---

एकटं_शिवार | मंगळवार, रात्री १०:३८

धोका असतो, मोठा असतो. बंद आडात विषारी वायू साठतो आणि प्राणवायू कमी होतो. दरवर्षी माणसं जातात, आणि वाचवायला मागोमाग उतरलेलेही जातात. सहज कुणालाही उतरू देऊ नका. आधी बाभळी काढून तोंड मोकळं करा, दोन-तीन दिवस उघडं ठेवा, पंख्याने किंवा ब्लोअरने हवा आत सोडा. वायू मोजायचं यंत्र घेऊन येणारा माणूस बोलवा. पेटता कंदील सोडून पाहतात, पण फक्त त्यावर विसंबू नका. उतरणाऱ्याला कमरेला दोर, वर किमान तीन माणसं, आणि डिझेल पंप आत कधीच उतरवायचा नाही. भूकंपातला आड आहे, म्हणजे बांधाचे दगड ढिले असणार. आधी ते गवंड्याला दाखवा.

काम एप्रिल-मेमध्ये, पाणी सगळ्यात खाली असताना. मृगाच्या आधी पुरं व्हायला हवं. पहिल्या पावसाचं पाणी उपसून टाका, नंतरचं तपासून घ्या. मी येतो, माझ्याकडे ब्लोअर आणि दोर आहे. तारीख कळवा.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११:०५

आमच्याकडं नावेचे जाड दोर आहेत, दीडशे फूट. तेही घेऊन येतो.